खाडीकाठचा कोल्हा आणि सोसायटीचा ओला कचरा

नवी मुंबईत वाशी, सीवूड्स, ऐरोली, खारघर इथल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून तोच व्हिडिओ फिरतो. कंपाऊंडच्या भिंतीपलीकडे रस्त्याच्या दिव्याखाली कुत्र्यासारखं काहीतरी उभं असतं. खाली प्रतिक्रिया येतात: लांडगा आहे, तरस आहे, वन विभागाला सांगा, पकडून जंगलात सोडा. बहुतेक वेळा तो सोनेरी कोल्हा असतो, आणि जंगलातच असतो. भिंतीपलीकडचं कांदळवन हेच त्याचं जंगल आहे.

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर तिवरांच्या दाटीत कोल्हे राहतात. सेक्टर आखले गेले त्याच्या कितीतरी आधीपासून दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली या गावांतल्या लोकांनी कोल्हेकुई ऐकलेली आहे. आता काठ अरुंद झालाय, काठाला टॉवर आले आहेत, आणि कोल्हा आपल्याला दिसू लागलाय. तो कुठल्या गेटपाशी येणार हे मात्र बऱ्याच अंशी आपणच ठरवतो. हे कसं घडतं आणि त्यावर काय करता येतं, ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण ग्रुपवरच्या भीतीपोटी सोसायट्या नको ते निर्णय घेतात आणि त्याची किंमत त्या जनावराला मोजावी लागते.

आधी ओळख. खाडीतला पूर्ण वाढलेला कोल्हा साधारण आठ-दहा किलोचा, खांद्याजवळ जेमतेम चाळीस सेंटिमीटर उंच. म्हणजे गल्लीतल्या मध्यम कुत्र्यापेक्षा लहानच. पाय बारीक, थोबाड निमुळतं, कान उभे, अंग वाळूच्या रंगाचं आणि पाठीवर काळे-करडे केस. खात्रीची खूण शेपटीत: झुपकेदार, टोकाला काळी, नेहमी खाली लोंबती. कुत्र्यासारखी ती पाठीवर वळत नाही. चिखलात पाऊल सापडलं तर पुढच्या पंजाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या नीट बघा. कोल्ह्यात त्या मागच्या बाजूने एकमेकींना जोडलेल्या असतात, कुत्र्यात सुट्या. ठसा लांबट, नखं पुढे, आणि चालीची रेघ बरीच सरळ. कुत्रा इकडेतिकडे हुंगत जातो, कोल्हा सहसा कामापुरता जातो.

तो खातो काय? उंदीर, घुशी, खेकडे, ओहोटीत अडकलेले मासे, किडे, पक्ष्यांची अंडी, मेलेलं जनावर, बोरं, जांभळं. खाडीकाठच्या वस्तीत उंदीर-घुशी मारणारं असं फुकटचं जनावर दुसरं नाही. पण या यादीत एक गोष्ट आपण घातली आहे: चिकनच्या दुकानातली आतडी, मासळीचे कल्ले-खवले, बिर्याणीची उरलेली हाडं. खेकडा उकरायला अर्धा तास घालवायचा की भिंतीलगतची काळी पिशवी एका ओढीत फाडायची, यात कुठलंही जनावर पिशवीच निवडेल.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक

कोल्हा कधी दिसेल याचा अंदाज कोळी माणूस तिथीवरून बांधू शकतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, आणि मुंबई-ठाण्याकडे उधाणाची मोठी भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास लागते. त्या वेळी तिवरांखालची दलदल पाण्याखाली जाते. कोरडी जागा उरते ती बांधावर, राडारोड्याच्या ढिगाऱ्यावर, पाईपलाईनच्या कडेला, सोसायटीच्या भिंतीलगत. म्हणून पौर्णिमेच्या रात्री बारा-एक वाजता भिंतीजवळ कोल्हा उभा दिसला, तर तो धीट झालाय असा अर्थ लगेच काढू नका. पाणी उतरलं की तो आपल्या वाटेने आत जातो. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, पाणी वरच्या भागापर्यंत चढत नाही, आणि कोल्ह्याला बाहेर यायचं तेवढं कारण राहत नाही.

म्हणूनच कोल्हा दिसल्याची नोंद ठेवताना तारीख आणि वेळेसोबत तिथीही लिहा, आणि तो काय करत होता तेही: नुसता चालत होता, उभा होता की काही खात होता. एवढं महिनाभर लिहिलं तरी चित्र स्पष्ट होतं. नोंदी उधाणाशी जुळल्या तर काही करायची गरज नाही. पण तिथी कुठलीही असो, रोज रात्री साडेदहालाच एका ठरावीक कोपऱ्यात तो येत असेल, तर तिथे खाणं आहे. ते शोधा.

कचरा: सगळ्यात जास्त फरक इथे पडतो

रात्री दहाला कचरा खाली आणून ठेवायचा आणि सकाळी सातला घंटागाडी यायची, ही अनेक सोसायट्यांची पद्धत. म्हणजे नऊ तास ओला कचरा उघड्यावर. कोल्ह्याच्या हिंडण्याचे तासही तेच. वेळ बदलणं हा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय आहे: ओला कचरा सकाळी सहानंतरच खाली उतरवायचा. सफाई कामगारांची पाळी त्यासाठी तासभर पुढे-मागे करावी लागते, आणि त्यांना विचारून केली तरच ती टिकते.

रात्रभर ठेवावाच लागत असेल तर १२० लिटरचे चाकांचे, झाकणाचे डबे घ्या. झाकण नुसतं असून भागत नाही. डबा आडवा पडला की ते उघडतं, आणि कुत्री डबा पाडतात. डबे भिंतीला साखळीने बांधा किंवा लोखंडी पट्टीच्या चौकटीत उभे करा, आणि झाकणावरून रबरी हुकाचा पट्टा ओढा. तिसऱ्या दिवशी पट्टा हरवतो हा सार्वत्रिक अनुभव, त्यामुळे तो डब्याच्या कडीला तारेने पक्का करा. आठवड्यातून एकदा डबा आतून धुऊन ब्लीचिंग पावडर टाका. रिकाम्या डब्याचाही वास जनावराला बोलावतो.

मासळी आणि मटणाचा कचरा वेगळा हाताळावा. कोळंबीची टरफलं, कल्ले, आतडी वर्तमानपत्रात गुंडाळून बंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवायची आणि गाडी येईल त्या सकाळी ओल्या कचऱ्यात टाकायची. घरातल्या बाईमाणसांना हे पटायला वेळ लागत नाही, कारण स्वयंपाकघरातला वासही त्याने जातो. सोसायटीत खतखड्डा असेल तर त्यात हाडं, मासळी, तेलकट उष्टं टाकू नका. उघड्या खड्ड्यात ते गेलं की कोल्ह्याआधी घुशी येतात, आणि घुशींमागे कोल्हा. बंद ड्रमचं खत जास्त सुरक्षित, फक्त प्रत्येक थरावर सुका पाला भरपूर हवा, नाहीतर पाणी सुटून वास येतो.

सोसायटीने सगळं केलं आणि कोपऱ्यावरचं चिकनचं दुकान रात्री पोतं भरून खाडीत रिकामं करत असेल, तर उपयोग नाही. दुकानदाराशी आधी नीट बोला. झाकणाचा निळा ड्रम आणि रोजची उचल यावर बहुतेक जण तयार होतात. तरीही कांदळवनात टाकणं थांबलं नाही, तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात फोटो आणि वेळेसह लेखी तक्रार द्या. कांदळवनात भराव किंवा कचरा टाकायला मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार मनाई आहे, आणि कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही त्यात येतो. तक्रारीत हा उल्लेख केला की कागद पुढे सरकतो.

भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांना एक मनापासून विनंती. तुमची माया खरी आहे, फक्त जागा बदला. खाडीच्या कडेला भात-चिकनचा ढीग ओतून निघून जाऊ नका. वस्तीच्या आतल्या बाजूला, ठरलेल्या वेळी, दिवसाउजेडी, भांड्यात वाढा. कुत्र्यांचं खाऊन होईपर्यंत थांबा आणि उरलेलं उचला. एकाच ढिगावर कुत्री आणि कोल्हे आले की चावाचावी होते, आणि तिथूनच रेबीज, डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) आणि खरूज एकाकडून दुसऱ्याकडे जातात. २०२४ मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या कोल्ह्यांत रेबीज आढळला होता. त्या साखळीत कुत्रे हा मोठा दुवा असतो. परिसरातल्या किमान सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी रेबीजची लस मिळाली तर साखळी तुटते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. कोल्ह्याला वाचवण्याचा सगळ्यात पक्का मार्ग कुत्र्यांच्या लसीकरणातूनच जातो.

भिंत, गेट, मोरी, खुराडं

कोल्हा भिंतीवरून उडी मारण्यापेक्षा खालून शिरणं पसंत करतो. गेटखालची फट बघा. वीतभर फट त्याला पुरते. तिथे लोखंडी पट्टी किंवा जाड रबर लावून ती चार बोटांवर आणा. पावसाळी नाल्याच्या तोंडाला उभ्या गजांची जाळी लावा, दोन गजांमध्ये आठ-दहा सेंटिमीटर अंतर. इथे एक चूक नेहमी होते: बारीक जाळी लावतात, पहिल्याच जोराच्या पावसात ती प्लास्टिकने तुंबते आणि पाणी बेसमेंटच्या पार्किंगमध्ये घुसतं. मग वॉचमन वैतागून जाळीच काढून टाकतो. त्यामुळे गज मोकळे ठेवा, जाळी बिजागरीवर उघडणारी करा, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला साफ करा.

भिंतीच्या सगळ्या फटी एका दिवसात बुजवू नका. कोल्हा आत असताना गवंडी शेवटची फट बंद करतो आणि मग तो पार्किंगमध्ये सैरावैरा पळतो. ते दृश्य दोघांच्याही जिवाला धोक्याचं. खाडीच्या बाजूची एक वाट शेवटपर्यंत उघडी ठेवा. संध्याकाळी तिच्यावर रांगोळीचा पातळ थर पसरा, आणि सलग तीन सकाळी पाऊल फक्त बाहेर जाताना दिसलं किंवा दिसलंच नाही, तर बंद करा.

मूळ गावठाणांत अजून कोंबड्या पाळतात. कोंबडी गेली की राग येणारच, ते नुकसान खरं असतं. पण खुराड्याला षटकोनी भोकांची जी पातळ जाळी लावतात, ती कोंबडी आत ठेवण्यापुरतीच असते. कोल्हा ती दातांनी फाडतो. वेल्ड केलेली जाळी लागते: २५ मिलिमीटरचा चौकोन, तार १४ गेज म्हणजे साधारण दोन मिलिमीटर जाड. जाळी चौकटीच्या बाहेरून ठोका, म्हणजे धक्का बसला तर ती लाकडावर दाबली जाते. आतून ठोकली तर खिळे निघतात. जमिनीलगत जाळी काटकोनात बाहेर वळवून ४५ सेंटिमीटर पसरवा, वर माती आणि दगड. कोल्हा भिंतीच्या मुळाशीच उकरतो, तिथे त्याला जाळी लागते, आणि दोन पावलं मागे सरून उकरायचं हे सहसा त्याला सुचत नाही. दाराला नुसता आकडा नको, सरकती कडी आणि त्यात पिन. खाडीच्या खाऱ्या हवेत गॅल्व्हनाइज्ड तारही गंजते, म्हणून गणपतीनंतर एकदा सगळी जाळी हाताने ओढून बघा. जिथे तांबूस भुकटी हाताला लागते तिथे ती पुढच्या पावसापर्यंत टिकणार नाही. आणि कोंबड्या अंधार पडायच्या आत कोंडा. बाकी सगळं करून हे चुकलं तर काहीच उपयोग नाही.

सुकत घातलेल्या मासळीचंही तसंच. रात्री ती आत घ्या, किंवा माणसाच्या छातीइतक्या उंच काठ्यांवर टांगा.

पिल्लांचा काळ आणि नालेसफाई

कोल्ह्यांची जोडी टिकून राहते. नर-मादी मिळून पिल्लं वाढवतात, आणि कधी कधी आदल्या वर्षीचं पोर मदतीला थांबतं. गाभण राहण्याचा काळ साधारण ६३ दिवसांचा, आणि आपल्याकडे बहुतेक पिल्लं उन्हाळ्यात होतात. बीळ बांधात असतं, पण वापरात नसलेला सिमेंटचा पाईप किंवा कोरडी मोरीही चालते. नेमकी तेव्हाच एप्रिल-मे मध्ये पावसाळापूर्व नालेसफाई सुरू होते आणि पोकलेन मोरीच्या तोंडाशी येतो.

खाडीच्या बाजूच्या मोऱ्या साफ करायच्या असतील तर आदल्या संध्याकाळी तोंडाशी बारीक रेती किंवा रांगोळी पसरा. सकाळी ठसे, केस, हाडांचे तुकडे दिसले किंवा आतून बारीक कुईकुई ऐकू आली, तर त्या तोंडाचं काम थांबवून वन विभागाला कळवा. पिल्लं तीनेक आठवड्यांनी बिळाबाहेर यायला लागतात आणि आठ-दहा आठवड्यांत दूध सोडतात. बाकीचा नाला आधी करून घेतला तर एका मोरीसाठी तेवढं थांबणं बहुधा जमतं. कंत्राटदाराशी काम सुरू व्हायच्या आधी बोललात तर तो ऐकतो. पोकलेन भाड्याने आल्यावर कोणीच ऐकत नाही.

एकटं पिल्लू दिसलं तर उचलू नका. आई खाणं शोधायला गेलेली असते आणि तुम्ही तिथे उभे आहात म्हणून परत येत नसते. लांब जा, इतरांनाही लांब ठेवा. या दिवसांत आई-बाप भर दिवसाही फिरतात. दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेला, असं समीकरण नाही.

समोर आलाच तर

थांबा. पळू नका, आणि पाठही फिरवू नका. लहान मूल असेल तर उचलून घ्या. कुत्रा फिरवत असाल तर दोरी आखूड करा. लांब सुटणारी गुंडाळ-दोरी खाडीकाठी वापरूच नका, कारण कुत्रा दहा हात पुढे जाऊन भिडतो आणि तुमच्या हातात नुसतं बटण राहतं. मोठ्या आवाजात बोला, टाळ्या वाजवा, आणि हळूहळू मागे सरा. कोल्हा ज्या बाजूने आला ती बाजू त्याला मोकळी हवी. दोघा-तिघांनी घेराव घातला की भित्रं जनावरही चावतं.

दगड, काठी, फटाके नकोत. अमेरिकेतल्या शहरांत कायोटी नावाचा कोल्ह्याचा मोठा भाऊबंद राहतो. धीट झालेल्या कायोटीला ओरडून, डबे वाजवून हुसकावण्याची शिस्तशीर पद्धत तिथे लोकांना शिकवतात. शिकागो परिसरात २००० पासून चाललेल्या अभ्यासात दिसलं की बहुतेक शहरी कायोटी माणसाला टाळूनच जगतात, आणि अडचणीचे ठरतात त्यांच्यामागे अनेकदा माणसाने दिलेलं खाणं असतं. आपल्या खाडीतला कोल्हा त्याहून लहान आणि लाजरा आहे. टाळ्या आणि आवाज बहुतेक वेळा पुरतात. त्याने तो जात नसेल तर जवळ खाणं, पिल्लं किंवा आजार यांपैकी काहीतरी आहे.

फोटोग्राफर मंडळींनाही सांगणं आहे. चिकनचे तुकडे टाकून कोल्ह्याला उजेडात आणणं आणि त्याच्या आवाजाची रेकॉर्डिंग वाजवणं बंद करा. तुमच्या हातून खाल्लेला कोल्हा पुढच्या माणसाकडेही तसाच येतो, आणि त्या माणसाच्या हातात काठी असते.

पकडून दुसरीकडे का सोडू नये

ही मागणी प्रत्येक सभेत येते. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर सोनेरी कोल्हा अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. परवानगीशिवाय त्याला पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, हाकणं हे सगळं कायद्याच्या भाषेत शिकारच, आणि तुरुंगवास किमान तीन वर्षांचा. पण कायदा बाजूला ठेवला तरी उपाय फसतो. जागा रिकामी झाली आणि कचरा तसाच राहिला, तर शेजारचा कोल्हा तिथे येतो, आणि तो नवखा असल्याने जास्त गोंधळ घालतो. हलवलेला कोल्हा अनोळखी मुलखात दुसऱ्यांच्या हद्दीत पडतो, रस्ते ओलांडत परत यायला बघतो आणि गाडीखाली येतो. मागे त्याची जोडीदार आणि पिल्लं उपाशी राहतात.

चावला किंवा नख लागलं तर

इथे एक मिनिटही वाया घालवू नका. जखम वाहत्या नळाखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग पोव्हिडोन आयोडीन. हळद, चुना, मिरची, तेल काही लावायचं नाही, पट्टी घट्ट बांधायची नाही, टाके शक्यतो टाळायचे. लगेच महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात जा आणि “जंगली प्राणी चावला” असं स्पष्ट सांगा. वन्य प्राण्याचा चावा लहान दिसला तरी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तो तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीत धरतात. त्यात लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं, द्यावं लागतं. ते पहिल्याच दिवशी घ्यावं, राहिलं तर पहिल्या डोसनंतर सात दिवसांच्या आत. लस स्नायूत घेतली तर दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. कातडीत घेतली तर ०, ३, ७ आणि २८. मोठ्या माणसांना स्नायूतली लस दंडात घ्यायची, कुल्ल्यात नाही. दहा दिवस जनावरावर नजर ठेवायची पद्धत पाळीव कुत्र्या-मांजरांसाठी आहे, कोल्ह्यासाठी ती लागू नाही. आणि बरं वाटतंय म्हणून मधला डोस सोडायचा नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपचार उरत नाही.

पाळीव कुत्र्याला कोल्हा चावला तर हातमोजे घालून जखम धुवा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. आधी लस झालेली असली तरी बूस्टर लागतो.

आजारी जनावर ओळखायच्या खुणा: माणसाकडे बेधडक चालत येणं, झोकांड्या, लोंबता जबडा आणि लाळ, दगड-लाकडालाही चावणं, एकाच जागी गोल फिरणं. यांपैकी काही दिसलं, किंवा जखमी वा मेलेला कोल्हा आढळला, तर हात लावू नका, लोकांना किमान तीस-चाळीस पावलं लांब ठेवा, आसपासची कुत्री आत बांधायला सांगा आणि वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री नंबरवर फोन करा. फोनवर नेमकी जागा सांगा: सेक्टर, जवळची इमारत किंवा पाम बीच रस्त्यावरचा सिग्नल, खाडीच्या कुठल्या बाजूला, जनावर उठून चालतंय की पडून आहे, कोणाला चावलंय का. पथक येईपर्यंत एकाने लांबून नजर ठेवायची आणि दुसऱ्याने गेटवर थांबून गाडीला वाट दाखवायची. व्हिडिओ ग्रुपवर टाकायचाच असेल तर पथक निघून गेल्यावर टाका, नाहीतर ते येण्याआधी तिथे गर्दी जमते.